वडवार संघाचा नवा प्रशिक्षक

श्री

तंजावूर,
२० जानेवारी २०२५

चि. भरद्वाज यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, असं पहिल्या ओळीत लिहायची सवय अप्पांनी लावली म्हणून लिहिलं. खुशाल काही नाही.

काल आपला वडवार महिला फुटबॉल संघ पाच गोलांनी हरला. गोलात तुझी भाची हरिता होती. पाचवा गोल झाल्यावर ती जाळ्यातला चेंडू काढायला वळली आणि मैदानाकडे पाठ करून तशीच उभी राहिली. पंचांनी दोनदा शिट्टी वाजवली तेव्हा हलली. घरी आल्यावर तिनं भात आणि चिंचेचं वत्तकोळंबू खाल्लं. ताट धुताना एवढंच म्हणाली की आई, आता चारच सामने उरले.

दहा सामन्यांत सहा गुण झालेत. आठ संघांत आम्ही सातवे. शेवटचे दोन संघ दुसऱ्या विभागात जातात, आणि आमच्यावरच्या पट्टुकोट्टै संघाचे नऊ गुण आहेत. खाली गेलो तर बाकीच्या मुली रडतील आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळतील. हरिताचं तसं नाही. पहिल्या विभागात तीन हंगाम खेळल्याचा दाखला असेल तरच तिला क्रीडा कोट्यातल्या नोकरीचा अर्ज करता येतो. हा तिचा दुसरा हंगाम. पुढच्या वर्षानंतर ती वयोमर्यादेबाहेर जाईल. आणि पाच फूट दोन इंचांच्या गोलकीपरला दुसरा कोणता संघ घेणार?

त्यात प्रशिक्षक पोंगलला गावी गेले ते परतलेच नाहीत. तिकडेच नोकरी धरली, असा निरोप आला. आपला संघ कुणा कंपनीचा नाही, पाठीराखेच तो चालवतात, त्यामुळे नवा प्रशिक्षक कोण हे राजवाड्यामागे शेषाद्रीमामांच्या ओसरीवर हात वर करूनच ठरायचं. परवा तिथे जे झालं ते तू ऐकायला हवं होतंस. मामांना चेन्नईचे एक निवृत्त प्रशिक्षक हवेत, कारण त्यांना त्यांनी एकदा टीव्हीवर बोलताना पाहिलंय. फुलवाली भुवनेश्वरी म्हणाली की आठवड्यातून दोनदा येणारा माणूस हा नैवेद्य दाखवून स्वतःच जेवून जाणाऱ्या पुजाऱ्यासारखा. तिचा उमेदवार म्हणजे तिचा मेहुणा. तो तरुणपणी केरळात खेळला आणि आता बेकरी चालवतो. मामांनी विचारलं की तो मुलींना पळवणार की फुगवणार.

कुणीतरी गणेशकुमारचं नाव घेतलं. हा आमचा साहाय्यक. पापनाशमच्या शाळेत व्यायाम शिकवतो आणि रोज गाडीनं येतो. भुवनेश्वरी म्हणाली की तो उभा राहिला की बसची वेळ विचारायला आलाय असंच वाटतं. सगळे हसले. तो तिथेच पायरीवर बसून चेंडूत हवा भरत होता, तोही हसला.

मग मामांनी तुझं नाव काढलं. बारा वर्षं तुझी कोल्हापूरची पत्रं मी शनिवारी तिथे तमिळमध्ये वाचून दाखवते आहे. तुझ्या तालमीच्या फुटबॉल संघानं कुठला सामना कसा फिरवला हे भुवनेश्वरीला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. सगळे हात वर गेले. माझाही गेला.

मामांना उत्तर लेखी हवंय, तेही १ फेब्रुवारीच्या बैठकीआधी. ९ फेब्रुवारीपासून चार रविवारांचा प्रश्न आहे रे. तिकडे तुझ्या संघाला महिनाभर सांग की बहिणीकडे अडचण आहे. खोटं ठरणार नाही.

चि. सौ. वाणीला आशीर्वाद. माया आहे ती राहू दे आणि उत्तर लगेच धाड.

तुझी,
वासुकीअक्का

---

कोल्हापूर,
२५ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ओसरीवर नेऊ नकोस. आधी घरी, एकटीनं वाच.

मी येऊ शकत नाही. कारण लिहायला तीन दिवस लागले. शेवटी वाणी म्हणाली की आता नाही लिहिलंत तर मीच लिहीन.

अक्का, मी प्रशिक्षक नाही. एक हंगाम होतो, बारा वर्षांपूर्वी, तोही साहाय्यक. मुख्य प्रशिक्षक नसताना एक सामना माझ्याकडे आला, आमच्यावर सहा गोल झाले आणि दुसऱ्या दिवशी मला काढलं. पण तालमीतली माणसं चांगली. घरी जा असं त्यांनी म्हटलं नाही, सामानघराची किल्ली हातात दिली. तेव्हापासून मी बूट मोजतो, जाळी शिवतो, मैदानावर चुन्याच्या रेघा मारतो. पोरं मला अण्णा म्हणतात. वाईट चाललेलं नाही.

तुला कळवणार होतो. पण त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, की अप्पांनी माझं साहाय्यक झाल्याचं पत्र पुन्हा पुन्हा वाचायला लावलं आणि शेजाऱ्यांना बोलावून ऐकवलं. मग पुढच्या पत्रात मी सामन्याचं वर्णन लिहिलं आणि प्रशिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवलं. अप्पा गेले तरी ते तसंच चालू राहिलं. सामने सगळे खरे होते, अक्का. मी जिथे उभा होतो म्हणून लिहिलं, ती जागा तेवढी खोटी.

तू मला लबाड म्हणशील. म्हण. पण हरिताचं वर्ष माझ्या थापेवर उभं करू नकोस. ज्या माणसाला तुम्ही हसलात, तो रोज गाडीनं येतो असं तूच लिहिलंस. पाच गोल खाल्लेल्या संघासाठी रोज गाडीनं येणारा माणूस मी बारा वर्षांत इथेही फार पाहिला नाही. आणि एक विचारतो: मुलींना कोण हवंय हे कुणी विचारलं का?

दाजींना नमस्कार. (इथली सवय. तिकडे हसतील, हसू देत.) लोभ मागायला आज तोंड नाही. उरला असेल तेवढा ठेव.

तुझा,
भरद्वाज

---

तंजावूर,
२ फेब्रुवारी २०२५

चि. भरद्वाज यास,
आशीर्वाद. तुझ्या थापेबद्दल मला बोलायचा अधिकार राहिलेला नाही. का, ते वाच.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी शाळेत नोकरीवर होते. आमच्या ह्यांनी ते घेतलं आणि आनंदाच्या भरात न उघडता थेट बैठकीला घेऊन आले. मी पोचले तेव्हा ओसरी भरलेली होती, पायऱ्यांवरही माणसं. ह्यांनी सगळ्यांसमोर पाकीट फाडून माझ्या हातात दिलं. तिथे तमिळ बोलणारे होते, आपलं मराठी बोलणारेही होते, पण देवनागरी वाचणारी मी एकटी.

पहिलीच ओळ मनातल्या मनात वाचली आणि थांबले. मामा म्हणाले, वाच की गं. मी म्हणू शकले असते की घरचं काही आहे, नंतर सांगते. तेवढं सुचायला हवं होतं. मी तुझ्या पत्राकडे बघत बघत दुसरंच पत्र वाचलं.

त्यात तू येतोस. दहा तारखेच्या आत येतोस. अप्पांनी ज्या मैदानावर तुला पहिला चेंडू आणून दिला तिथल्या मुलींसाठी चार रविवार म्हणजे काहीच नाही, असं तू लिहिलं आहेस. मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची, की ते मला फार छान जमलं. एकदाही अडखळले नाही. अधूनमधून थांबून, अक्षर नीट लागत नाही असंही दाखवलं.

टाळ्या झाल्या. आणि मग गणेशकुमार उठून आला. आपली शिट्टी आणि एक वही त्यानं माझ्या हातात ठेवली. कुणाचा घोटा दुखावलाय, कुणाला महिन्याच्या कोणत्या दिवसांत पळवायचं नाही, कोण न खाता सरावाला येते आणि खाल्लं म्हणून सांगते, सगळं त्यात लिहिलंय. सरांना द्या म्हणाला. एका गाडीला दोन सारथी नकोत, मी शाळेच्या शिबिराची ड्यूटी घेतो, असं म्हणून हात जोडून गेला. मी त्याला थांबवलं नाही.

आता चहाच्या दुकानावर तुझा फोटो लागलाय, तुझ्या लग्नातला. खाली लिहिलंय, कोल्हापूरचा सिंह. भुवनेश्वरी हार किती हाताचा करू म्हणून दोनदा विचारून गेली. हरिता माझ्याशी धड बोलत नाही. तिला आनंद का होत नाही ते मी विचारलेलं नाही.

भरद्वाज, तू ये. काही करू नकोस, रेषेबाहेर हाताची घडी घालून उभा राहा. गणेशकुमारला तुझा साहाय्यक म्हणून परत बोलावू, सगळं तोच करील. चार रविवार. कुणाला कळणार नाही. मी मोठी बहीण आहे म्हणून सांगत नाही, पदर पसरून मागते आहे.

फोनवर हे बोलता येत नाही, घरात सारखी माणसं आहेत. रागावलास तरी माया कमी करू नकोस, पण ये.

तुझी,
अक्का

---

कोल्हापूर,
८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी फार संतापलो. मग रात्रीचं जेवण झाल्यावर वाणीला न सांगता पिशवी भरली. खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी तिकिटाच्या रांगेत उभा होतो. कोल्हापूरचा सिंह! रांगेत पाऊण तास मी मनातल्या मनात तुमच्या मुलींपुढे भाषण केलं. चांगलं झालं होतं. खिडकीशी पोचलो, कारकुनानं वय विचारलं, आणि मी रांग सोडली.

मध्यंतर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, अक्का. दोन गोल अंगावर असतात, पोरी घामानं निथळत येतात आणि प्रशिक्षकाच्या तोंडाकडे बघतात. सगळ्या एकदम. त्या वेळी मी काय सांगू? चुना कसा कालवायचा? एकदा मी अशा अकरा तोंडांपुढे गप्प उभा राहिलो आहे. त्यानंतरचे सहा गोल मला अजून मोजता येतात. हरिताच्या तोंडापुढे मी तसा उभा राहणार नाही.

सोबत एक वेगळा कागद आहे. तमिळमध्ये लिहिला आहे, बऱ्याच वर्षांनी, चुका असतील. मी कोण आहे, काय काम करतो आणि १ तारखेला तू वाचलेल्या माझ्या पत्रात खरं काय होतं, सगळं आहे. तुझ्याबद्दल एवढंच लिहिलंय की तिला भावाची अब्रू झाकायची होती. तो तू वाचून दाखवू नकोस, दुसऱ्या कुणाकडे दे. पत्र पोचेल त्याच दिवशी दे. रविवारी पुन्हा सामना असेल.

आपली माया पत्रावर तगली, आता खऱ्यावर तगते का बघू.

तुझा,
भरद्वाज

---

तंजावूर,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. भरद्वाज यास,
आशीर्वाद. तुझा कागद गुरुवारी १३ तारखेला पोचला. त्याच दिवशी दे म्हणाला होतास. मी तो उडदाच्या डब्यात ठेवला.

नऊ तारखेला प्रशिक्षकाविना आम्ही चार गोलांनी हरलो होतो. कोल्हापूरहून यायला उशीर होतोय, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. डब्यातला कागद रोज सकाळी उघडून बघायची आणि पुन्हा ठेवायची. वाटायचं, मुली रविवारी कशाही करून जिंकतील, मग सांगणं सोपं जाईल. सोळा तारखेला तीन गोलांनी हरलो. मध्यंतरात सगळ्या मुली नळापाशी एकट्याएकट्या पाणी पीत होत्या. कुणाकडे बघायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

तिथून घरी न जाता मी हरिताला कागद दिला. तिनं वाचला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बूट न काढता मामांच्या ओसरीवर गेली आणि मोठ्यानं वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुझ्या चुकांसकट.

मामा उठले. काठी टेकत चहाच्या दुकानापर्यंत गेले आणि तुझा फोटो स्वतः नखांनी खरवडून काढला. भुवनेश्वरी बोलली. म्हणाली की हिच्या घरात सिंह जन्मला नाही आणि मांजरही नाही, नुसते पोपट. मग तिलाच रडू आलं. बारा वर्षं तुझे सामने ऐकून ती देवापुढे तुझ्या नावानं फूल ठेवत होती म्हणे.

तेव्हा हरिता म्हणाली की हात वर करणाऱ्यांत एकही खेळणारी नव्हती. मुलींना पहिल्या दिवसापासून गणेशकुमार सरच हवे होते, पण विचारलं कुणी? तुझाच प्रश्न होता तो. मी तोही वाचून दाखवला नव्हता.

काल रजा काढून पापनाशमला गेले. गणेशकुमार शाळेच्या मैदानावर दोरी धरून रेघा आखत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि शिट्टी-वही पुढे केली. त्यानं कॉफी मागवली. वही पानापानांनी बघितली, जणू मी एखादं पान फाडलं असेल. फाडलं नव्हतं. मग म्हणाला, मी येतो, पण हंगाम संपेपर्यंत संघात कोण खेळेल यावर ओसरीवर चर्चा नको. आणि तुम्ही मैदानात यायचं नाही.

मला वाटलं शिक्षा देतोय. तो म्हणाला तसं नाही. गोल झाला की हरिता चेंडूकडे बघत नाही, तुम्ही कुठे बसला आहात ते शोधते. त्यात तिचं पुढच्या चेंडूवरचं लक्ष जातं. दोन वर्षं तो हे बघत होता. बसची वेळ विचारणारा माणूस!

मी कबूल केलं. आता पट्टुकोट्टैचे नऊ गुण तरी कसे गाठणार देवास ठाऊक; दोन सामने उरलेत आणि आम्ही सहावरच आहोत.

लोभ मागत नाही. तू ठेवशील हे ठाऊक आहे, त्याचीच लाज वाटते.

तुझी,
अक्का

---

कोल्हापूर,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी हरिताचा फोन आला. पहिल्यांदाच तिनं स्वतःहून केला. एक-शून्य, जिंकलो, एवढंच म्हणाली आणि ठेवला. मी सामानघरात होतो. इथल्या पोरांना सांगितलं की माझी भाची गोलकीपर आहे, आणि तिकडे बारा वर्षं मी तुमचा प्रशिक्षक होतो. आधी त्यांना कळलं नाही. मग एवढे हसले की एकाच्या हातातली बुटांची पेटी पडली. मीही हसलो. पाठीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

शेवटच्या रविवारी तू बाहेरच थांब. जमणार नाही, तरी थांब. प्रेम आहे तसंच आहे.

तुझा,
भरद्वाज

---

तंजावूर,
३ मार्च २०२५

चि. भरद्वाज यास,
अनेक आशीर्वाद.

काल मी बाहेर थांबले. मैदानाच्या भिंतीलगत शहाळेवाला बसतो, त्याच्या छत्रीखाली. आत ओरडा झाला की तो माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे. ओरडा आपला की त्यांचा ते भिंतीबाहेर कळत नाही. पहिला मोठा ओरडा झाला तेव्हा मी भिंतीवर कपाळ टेकलं. चुना कपाळाला लागला. दुसरा झाला तेव्हा शहाळेवाला म्हणाला, अम्मा, आत जा. गेले नाही.

भुवनेश्वरी बाहेर आली. ती पंधरा दिवस माझ्याशी बोललेली नव्हती. दोन-शून्य, दोन्ही आपले, म्हणाली, आणि माझ्या गळ्यात पडली. मी हरिताबद्दल विचारलं. दोनदा आडवी झेपावली म्हणे, आणि एकदाही बाहेर कुणाला शोधलं नाही.

मग तिथेच रस्त्यावर उभं राहून आम्ही पट्टुकोट्टैच्या सामन्याची वाट बघितली. मामांच्या हातात कुणाचा तरी फोन होता. ते जिंकले. त्यांचेही बारा गुण, आमचेही बारा. बरोबरी झाली की केलेले आणि खाल्लेले गोल बघतात. आम्ही दोन गोलांनी मागे.

दोन गोलांनी, भरद्वाज. प्रशिक्षकाविना खेळलेल्या दोन सामन्यांत आम्ही सात खाल्ले. त्यातले तीन, तुझा कागद माझ्या डब्यात असताना.

संघ दुसऱ्या विभागात गेला. गणेशकुमार पुढच्या वर्षीही राहणार आहे. मुलींनी तसं मागितलं आणि ओसरीनं नुसती मान डोलावली. हरिताचा दाखला होणार नाही. आज संध्याकाळी तिचे बाबा तिच्यापुढे डोसे वाढत राहिले. तिनं सहा खाल्ले. मग हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली की भरद्वाजमामाला आत्ता पत्र लिही. सगळं लिही. किती गोल, कधी, कुणामुळे.

म्हणून हे लिहिते आहे. ती समोर बसली आहे. तिला आपली अक्षरं येत नाहीत. प्रत्येक वाक्य लिहून झालं की मी ते तिला तमिळमध्ये सांगते, आणि तिनं मान हलवल्यावरच पुढचं लिहिते. डब्याचं वाक्य तिनं दोनदा सांगायला लावलं.

मी कागदावर आहे तेच सांगते आहे का, हे तिला कळायला काही मार्ग नाही. तरी ती मान हलवते आहे.

माया आहे ती असू दे, दोघींवर.

तुझी,
वासुकीअक्का